माझ्या पाठीमागची धूळ

मी एक जुना व्हॅक्युम क्लीनर आहे, आणि माझ्या पोटात काय आहे ते येणाऱ्याजाणाऱ्या कुणालाही बाहेरून दिसतं. मित्रांनो, माझं पोट काचेसारखं पारदर्शक आहे. तरुणपणी मला याचा फार गर्व होता. आता कोपऱ्यात बसून मागचं आठवताना त्याच गोष्टीने माझी मान खाली जाते. कारण पोटात किती धूळ जमली हे सगळे बघायचे आणि वाहवा करायचे. माझ्या पाठीतून काय बाहेर पडतं, तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. माझं होतं. पण मला बोलता कुठे येतं?

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. आमच्या आधीच्या पिढीच्या पोटात कापडाची नाहीतर कागदाची पिशवी असायची. धूळ तिच्यात अडकायची, आणि पिशवी भरत आली की त्या बिचाऱ्यांचा श्वास कोंडायचा. आम्हाला पिशवी नव्हती. आमच्या पोटात वावटळ होती. तुम्ही बागेतल्या गोल चक्रावर बसला असाल. चक्र जोरात फिरायला लागलं की अंग आपोआप बाहेरच्या बाजूला फेकलं जातं, हो ना? धुळीचंही तसंच होतं. हवा माझ्या पोटात शिरते ती गरगर फिरत. जड कण कडेला फेकले जातात, भिंतीला घासत घासत खाली येतात आणि डब्यात पडतात. स्वच्छ झालेली हवा मधल्या नळीतून वर निघून जाते.

ऐकायला किती छान वाटतं! पण खरी गोम बारीक धुळीची आहे. ती इतकी हलकी असते की तिला कडेला फेकणं सोपं नसतं. तिच्यासाठी माझ्या पोटाच्या मधोमध एक निमुळता शंकू बसवलेला आहे, त्यात वावटळ आणखी वेगाने फिरते. तिथूनही जी निसटते तिला अडवायला सगळ्यात शेवटी एक जाड फिल्टर. एवढे पहारे चुकवून निसटणारी धूळ ती हीच. आणि मित्रांनो, नाकातून खोल छातीपर्यंत जाते तीही हीच.

दुकानाच्या काचेआड थोडे दिवस काढल्यावर मला एका गृहस्थांनी विकत घेतलं. त्यांना सगळे ‘दातवाले’ म्हणत. म्हाताऱ्या माणसांच्या कवळ्या बनवणं हा त्यांचा धंदा होता. मी मनातल्या मनात त्यांना दातवाले काका म्हणू लागलो आणि त्यांच्या बायकोला काकू.

घराची पुढची खोली म्हणजेच कारखाना. खिडकीखाली लांब टेबल, त्यावर मेण वितळवायचा स्पिरिटचा दिवा, चिमटे, सुऱ्या आणि घासायचं छोटं चाक. भिंतीवरच्या फळ्यांवर प्लास्टरचे पांढरे जबडे ओळीने मांडलेले. कुणी आत पाऊल टाकलं की ते सगळे एकदम हसल्यासारखे वाटत. पहिल्या दिवशी मला वाटलं, मलाच हसतायत.

काकांचं काम मोठं बारीक होतं. पण दाताचा रंग निवडावा तर काकूंनीच. गिऱ्हाईक आलं की त्या त्याला खिडकीजवळ बसवत, नमुन्याच्या दातांची पट्टी त्याच्या ओठांशी धरत आणि डोळे बारीक करून बघत.

“मला आपले पांढरेशुभ्र द्या हो,” गिऱ्हाईक म्हणे.

“पांढरेशुभ्र दिले तर लोक तुमच्याशी नाही, तुमच्या दातांशी बोलतील,” काकू म्हणत. “हा घ्या. थोडा चहा प्यायलेला रंग आहे. तुमच्या वयाला शोभतो.”

आणि खरंच, काकूंनी निवडलेले दात तोंडात गेले की ते जन्मापासून तिथेच असल्यासारखे दिसत.

या खोलीत धुळीला तोटा नव्हता. प्लास्टरची पूड डब्यातून सांडे, साचा कापताना उडे, घासताना तर ढगच उठे. मी आलो आणि काकांना जग जिंकल्यासारखं झालं. मी गुरगुरत फिरलो की टेबलाखालचं पांढरं पीठ गडप व्हायचं आणि माझ्या पोटात गोल गोल नाचायचं. काका मग माझा डबा दोन्ही हातांत धरून गिऱ्हाइकांना दाखवत.

“हे बघा! आजची शिकार!”

“शिकार दाखवून झाली असेल तर टाकून या,” आतून काकूंचा आवाज येई.

“अगं, थांब. संध्याकाळी ते शिंपी यायचेत. त्यांना दाखवतो आणि टाकतो.”

डब्यावर एक रेघ आखलेली होती. धूळ तिथवर आली की डबा रिकामा करावा, असा तिचा अर्थ. पण अर्धा डबा दाखवण्यात काय मजा? काका रेघेच्या वरपर्यंत भरू देत. भरलेला डबा ते पायरीवर दणादण आपटून रिकामा करत, त्याने तळाचं झाकण हळूहळू वाकडं झालं, आणि झाकणाभोवतीच्या रबरी कड्यात प्लास्टरचे कण रुतून बसले. मला ते सगळं जाणवत होतं. पण कौतुक चाललेलं असताना कोण तक्रार करतं? मी छाती फुगवून बसायचो. तेव्हा मी अगदी उथळ होतो, मित्रांनो.

व्हायचं तेच झालं. बारीक पूड शंकूतून निसटू लागली आणि फिल्टर गच्च भरला. माझी ओढ कमी झाली. काकांनी फिल्टर काढून बघितला. काकू बाजारात गेल्या होत्या. मशीनबरोबरच्या कागदावर लिहिलं होतं की फिल्टर पाण्याने धुता येतो. काकांनी तो बादलीत बुडवला, चांगला खळखळून पिळला, आणि वाळायला खिडकीत ठेवून कामाला लागले.

तुमच्या लक्षात आलं का काय झालं ते? कोरड्या प्लास्टरमध्ये पाणी घातलं की ते घट्ट होतं. काकांचं सगळं आयुष्य याच एका गोष्टीवर चाललेलं. तरी त्यांच्या हातून व्हायचं ते झालंच. थोड्या वेळाने त्यांनी फिल्टर उचलला तेव्हा तो फिल्टर राहिला नव्हता. ती एक वीट झाली होती. त्यांनी ती टेबलावर ठेवली तर टक्कन आवाज आला.

प्लास्टरवाला माणूस आणि प्लास्टर पाण्यात घालतो! हे कुणाला सांगायचं? इतक्यात दारात काकूंच्या चपला वाजल्या. काकांनी घाईघाईने ती वीट वरच्या फळीवर जबड्यांच्या मागे लपवली, आणि माझं झाकण फिल्टरशिवायच बंद केलं.

“झालं का साफ?” काकूंनी विचारलं.

“झालं. आता बघ कसं ओढतंय.”

आणि मी ओढलं. श्वासाच्या वाटेत काही अडथळाच राहिला नव्हता, मग काय! मी पूर्वी कधी नव्हे इतक्या जोराने गुरगुरलो. काका खूश झाले. फिल्टरची गरजच काय, असंही त्यांच्या मनात आलं असेल. डबा तर भरतोच आहे.

डबा भरत होता हे खरं. पण सगळ्यात बारीक, पिठाहून बारीक पूड माझ्या पोटात थांबतच नव्हती. ती मोटरमधून जाऊन माझ्या पाठीतल्या जाळीतून बाहेर पडायची आणि हवेत तरंगत राहायची. इतकी बारीक की डोळ्यांना दिसायची नाही. मी जमिनीवरची धूळ उचलून थेट माणसांच्या नाकाशी नेऊन सोडत होतो. झाडू तरी बरा, तो धूळ निदान खालच्या खाली लोटतो.

काकू टेबलाच्या टोकाला बसून कवळ्यांना पॉलिश करत. माझी जाळी नेमकी त्यांच्याकडे तोंड करून असायची.

आधी नुसतं घसा खाकरणं होतं. मग कोरडा खोकला आला. मी फिरून थांबलो की तो हमखास यायचा. काकू पदराने नाक झाकत आणि म्हणत, “अहो, हवेत काहीतरी आहे. धुळीचा वास येतोय.”

“आत्ताच्या आत्ता मशीन फिरवलं, आणि धूळ?” काका म्हणत. “हे बघ, सगळी इथे डब्यात आहे. तुझ्या मनातली धूळ आहे ती.”

पहिल्यांदा काकू हसल्या. दुसऱ्यांदा त्या गप्प बसल्या. पुढे पुढे काका ते वाक्य गिऱ्हाइकांसमोरही बोलू लागले. “आमच्या हिला मनातली धूळ दिसते बरं का.” गिऱ्हाइकं हसायची. फळीवरचे जबडे तर हसतच होते. एकदा काकूंनी टेबलावर बोट फिरवून काकांना दाखवलं, तर ते म्हणाले, “टेबल पांढरं, बोट पांढरं, प्लास्टरच्या खोलीत पांढरं दिसणार नाही तर काय?” काकूंनी बोट पुसलं आणि पुन्हा दाखवायला गेल्या नाहीत.

त्या क्षणी मला माझं बटण आपोआप बंद व्हावं असं वाटलं. ज्या बाईला मी खोकला दिला, तिलाच खोटं पाडायला माझाच भरलेला डबा पुरावा म्हणून नाचवला जात होता. याहून मोठी शरम कुठल्या यंत्राच्या वाट्याला आली असेल?

डॉक्टरांनी छाती तपासली आणि सांगितलं, हवा बदला. काकूंचा भाऊ दुसऱ्या गावी राहायचा, तो म्हणाला, “ताई, तू माझ्याकडे चल. रविवारी येतो न्यायला.”

“थोडे दिवस ना?” काकूंनी विचारलं.

“बरं वाटेपर्यंत. नाहीच वाटलं तर कायमची राहा. घर तुझंच आहे.”

काकूंना जायचं नव्हतं, हे त्यांच्या हातावरून कळत होतं. त्या दिवशी त्यांनी एकाच कवळीला तीनतीनदा पॉलिश केलं.

रविवार उजाडला. भावाच्या आधी बँडमास्तर येऊन ठेपले. हे गृहस्थ एका वाद्यपथकात कॉर्नेट नावाची छोटी तुतारी वाजवायचे. अंगावर सोनेरी बटणांचा कोट, डोक्यावर काळी कुळकुळीत मखमली टोपी. त्यांनी टोपी काढून टेबलाच्या टोकाला ठेवली, नेमकी काकूंच्या जागेसमोर, आणि वरची कवळी काढून काकांच्या हातावर ठेवली. पुढचं बोलणं त्यामुळे जरा फुसफुसत झालं.

“दातवाले, काल तुम्ही माझी अब्रू घालवलीत. मी वरच्या सुरात गेलो आणि तुमची कवळी खालच्या!”

“पडली?”

“पडली? अहो, वाजली! लोकांना वाटलं, नवीन वाद्य आणलंय.”

काका हसले नाहीत. कामाच्या वेळी ते हसत नसत. त्यांनी कवळी उजेडात धरली, तिच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि एका जागी थांबले. “इथे. इथून हवा शिरतेय. कवळी टाळूला चिकटून राहते ती मधली हवा निघून गेली म्हणून. सगळा भार त्या कडेवर असतो बघा. केसाएवढी फट राहिली की बाहेरची हवा आत घुसते आणि कवळी सुटते. बसा, आत्ता भरून देतो.”

त्यांनी कडेला गुलाबी मसाला लावला. तो घट्ट होईपर्यंत वेळ होता. रिकामा वेळ आणि समोर नवीन माणूस! काकांनी मला पुढे ओढलं.

“तोवर तुम्हाला आमचं मशीन दाखवतो.”

मी गुरगुरलो. टेबलाखाली फिरलो, कोपरे धुंडाळले. माझी पाठ टोपीकडे होती. मला थांबायचं होतं, मित्रांनो, खरंच थांबायचं होतं. पण बटण दुसऱ्याच्या हातात असलेल्याने काय थांबायचं!

“बघा!” काकांनी डबा वर धरला. “खोलीत औषधाला धूळ सापडणार नाही.”

तेवढ्यात काकूंना खोकल्याची उबळ आली. त्या टेबलाला धरून वाकल्या.

“अगं, आत्ताच तर साफ केलं!” काका म्हणाले. मग बँडमास्तरांकडे वळून, “हिचं हे असं आहे. मनातली—”

“दातवाले,” बँडमास्तर मधेच म्हणाले. “ही टोपी कुणाची?”

“म्हणजे? तुमचीच.”

“माझी काळी होती.”

टोपीवर पांढरा थर बसला होता. चाळणीतून पीठ भुरभुरावं तसा, अगदी एकसारखा. पांढऱ्या खोलीत पांढरी धूळ इतके दिवस लपून राहिली होती. काळ्या मखमलीवर तिला लपता आलं नाही.

काकूंनी हळूच बोट उचललं आणि टोपीवरून एक रेघ ओढली. काळी, सरळ, ठसठशीत रेघ. मग बोट पदराला पुसलं.

“मनातली आहे हो ती,” त्या बँडमास्तरांना म्हणाल्या. “झटका आणि घाला.”

काकांचा चेहरा त्या टोपीहून पांढरा झाला. बँडमास्तर शहाणे होते. त्यांनी कवळी बसवून बघितली, टोपीला हात लावला नाही, आणि दारातून एवढंच म्हणाले, “टोपी राहू द्या इथेच. माझ्याकडे दुसरी आहे. इथे तिची जास्त गरज दिसते.”

ते गेल्यावर काका स्टुलावर चढले. वरच्या फळीवरचे जबडे बाजूला सारून त्यांनी ती वीट काढली आणि काकूंसमोर ठेवली. टक्क.

“हे काय? दगड?”

“फिल्टर.”

काकूंनी तो हातात घेऊन उलटसुलट केला, नखाने टोकरून बघितला. “तुम्ही हा धुतलात? पाण्यात?” आणि मग त्यांना हसू फुटलं. इतकं की हसता हसता पुन्हा खोकला आला. काकाही कसंनुसं हसले. पण काकूंचं हसू मधेच थांबलं.

“म्हणजे फिल्टर नाही हे तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

“मी रोज सांगत होते.”

“हो.”

“एवढीशी चूक कबूल करण्यापेक्षा मला वेडी ठरवणं सोपं वाटलं तुम्हाला?”

बाहेर भावाची गाडी थांबली. काकूंनी पिशवी उचलली.

“परत कधी येशील?” काकांनी विचारलं.

काकूंनी खुंटीकडे बोट दाखवलं. “ती टोपी तिथे टांगा. मी येईन तेव्हा मशीन फिरवा. मग मी ठरवीन.”

दार लागलं. मी खोलीच्या मध्यभागी तसाच पडून होतो, पोट भरलेलं आणि तोंड लपवायला जागा नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला टेबलावर घेतलं आणि उघडलं. माझी पाठ आतून पांढरी झाली होती. त्यांनी जाळी पुसली, तर फडकाही पांढरा झाला. मग नवा फिल्टर आणला. मला वाटलं, संपलं, सुटलो. पण तोही बघता बघता भरला, आणि काकांना कळलं की चूक एका जागी नव्हती. शेवटच्या पहारेकऱ्याच्या जिवावर किती दिवस काढणार? धूळ त्याच्यापर्यंत पोचताच कामा नये. ती आधीच, शंकूतच, वेगळी पडली पाहिजे.

ते माझ्याकडे एखाद्या अवघड तोंडाकडे बघावं तसे बघू लागले. रेघेच्या वर डबा भरायचा नाही, हे त्यांनी पहिल्या दिवशीच मनावर घेतलं. तरी पूड निसटत होती. पुढे एक दिवस त्यांनी मला चालू केलं आणि नुसतेच माझ्या तळाकडे बघत बसले. तोंडाने काहीतरी पुटपुटत होते. “मधली हवा ओढली जाते... सगळा भार कडेवर...” एकदम उठले, स्पिरिटचा दिवा पेटवला आणि बेताच्या अंतरावरून तळाच्या झाकणाभोवती हळूहळू फिरवत नेला. ज्योत सरळ उभी होती. एका जागी ती वाकली. झाकणाच्या दिशेने, आत ओढल्यासारखी.

“कवळी!” काका मोठ्याने म्हणाले. खोलीत ऐकायला मी आणि जबडेच होतो.

मित्रांनो, माझ्या पोटातल्या वावटळीच्या मधोमध हवेची ओढ सगळ्यात जास्त असते, आणि शंकूचं खालचं टोक, म्हणजे शेपूट, थेट तळाच्या झाकणाशी येतं. तिथे केसाएवढी जरी फट राहिली, तरी बाहेरची हवा खालून आत घुसते आणि मुश्किलीने खाली बसलेली बारीक पूड उचलून पुन्हा वर घेऊन जाते. पायरीवर आपटून आपटून वाकलेलं झाकण, कण रुतलेलं रबरी कडं. बँडमास्तरांची कवळी ज्या कारणाने पडली, त्याच कारणाने मी नापास झालो होतो.

काकांनी आधी मेणाने फट भरली. माझी मोटर तापली, मेण पाघळलं आणि मीच ते गिळलं. दोन दिवस पोट साफ करण्यात गेले. मग त्यांनी ठरवलं, हे काम रीतसर करायचं. माणसाच्या तोंडाचं माप घेतात तसं माझ्या तळाचं माप घेतलं. ठसा, त्यावरून साचा, साच्यात मेण, मेणाच्या जागी गुलाबी ॲक्रिलिक, तोच कवळीचा मसाला. झाकणाभोवती बसेल असं एक नवं कडं तयार झालं. आणि ज्यांच्या हिरड्या दुखतात त्यांच्या कवळीला आतून जो मऊ थर लावतात, तो त्या कड्याला लावला. झाकण दाबलं की ते हिरडीसारखं घट्ट चिकटायचं. शिवाय शंकूच्या शेपटाखाली एक छोटी उलटी वाटी बसवली. वावटळीचं टोक तिच्यावर अडायचं, आणि पूड कडेच्या फटीतून खाली जाऊन निवांत बसायची. वाटी पहिल्यांदा फार मोठी झाली, पूड वरच अडकली. दुसऱ्यांदा लहान. काका घासत राहिले, बसवत राहिले, काढत राहिले. कवळी तोंडात बसेपर्यंत माणूस जसा फेऱ्या मारतो तसं माझं झालं.

दरम्यान एका बाईंना त्यांनी स्वतःच दाताचा रंग निवडून दिला. त्या आरशात बघून म्हणाल्या, “अहो, मला दात हवे होते, दिवा नको होता.” काकांनी मुकाट्याने कवळी परत घेतली आणि टोपीकडे बघितलं.

मग काकू आल्या. भाऊ सोबत होता, तो गाडीतच थांबला. काकूंनी पिशवी खांद्यावरून उतरवली नाही. आल्या आल्या खुंटीवरची टोपी काढली, उंबऱ्याबाहेर जाऊन झटकली, पार काळी केली आणि आपल्या जागेसमोर ठेवली. मग खुर्चीत बसल्या.

“तू बाहेर थांब ना,” काका म्हणाले. “झाल्यावर बोलावतो.”

“बाहेर थांबून मला काय कळणार?”

काकांनी बटण दाबलं. मित्रांनो, मी आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. माझ्या पोटात वावटळ फिरत होती, तळाशी गुलाबी कडं घट्ट बसलं होतं, उलट्या वाटीखाली पूड शांतपणे जमत होती. मला ते जाणवत होतं. पण पाठीतून काहीतरी जातंय हेही जाणवत होतं. थोडंसं. फारच थोडं.

मी थांबलो. काकूंना खोकला आला नाही. त्यांनी टोपीकडे बघितलं. टोपी काळी होती. खिडकीजवळ नेली तरी काळीच दिसत होती.

काकांनी ती त्यांच्या हातून घेतली. डोळ्यांशी धरली, तिरकी केली, आणि स्वतःचं बोट तिच्यावरून ओढलं. फार निरखून बघितलं तर एक पुसट रेघ दिसत होती. दुसऱ्या कुणाला दिसलीही नसती. काका गप्प राहिले असते तर काकूंनाही कळलं नसतं.

“अजून आहे गं,” ते म्हणाले. “थोडी आहे अजून.”

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. मग खांद्यावरची पिशवी काढून टेबलाखाली ठेवली.

“आहे ना?” त्या म्हणाल्या. “मग राहते मी.”

आणि दारातून भावाला हाक मारली, “गाडी बंद कर रे, जेवून जा!”

त्यानंतर मी त्या घरात पुष्कळ वर्षं काम केलं. बारीक पूड आधी मोटरमधून गेली होती, तिने मोटरची झीज करून ठेवली होती. शेवटी ती बंद पडली. आता दुसरं मशीन आलं आहे, आणि त्याच्या तळालाही पहिल्याच दिवशी काकांनी गुलाबी कडं बसवलं. टोपी अजून खुंटीला आहे. पण काका खोली साफ झाल्यावर आधी टोपीकडे जात नाहीत. आधी काकूंना विचारतात, “तुला काय वाटतं?” मगच टोपी बघतात.

काकूंचा खोकला पुष्कळ कमी झाला. पूर्ण गेला नाही. अधूनमधून कोरडी उबळ येतेच. तेव्हा नवं मशीन आपलं गुरगुरत असतं, त्याला काही ठाऊक नाही. मी मात्र कोपऱ्यात अंग चोरतो. त्या खोकल्यात माझा वाटा आहे, आणि तो आता कुठल्याही कड्याने परत घेता येणार नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल, तर त्याचा डबा रेघेच्या वर भरू देऊ नका. तो आपटू नका. फिल्टर धुतलात तर कसली धूळ आहे ते आधी बघा. आणि सगळं स्वच्छ दिसत असताना घरातलं कुणी नाक झाकून म्हणालं, की अजून धूळ आहे, तर डबा दाखवायला धावू नका. त्या माणसाशेजारी जाऊन बसा. माझ्यासारख्याची पाठ कुठे आहे, ते तिथूनच दिसतं.